सोलरवाल्याचा पत्ता

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या शिवारात सध्या सोलरचे एजंट फिरताहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, बाकीच्यांनी वेळ असेल तर. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यात चूक माझीही आहे. म्हणून तर हे इथं लिहितोय.

मागच्या महिन्यात मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. वय सत्तरच्या पुढं. फोनवर जास्त बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, घर येस का? मन्हं वावर वाही गयं."

गाडी काढली आणि गेलो. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, नाव देत नाही, गावातल्या लोकांना कळेलच. नानांचं एकूण सात एकर. त्यातलं वरच्या अंगाचं चार एकर सोलरला भाड्यानं दिलेलं, खालचं तीन एकर स्वतः करतात. तीन एकरात कापूस होता. होता असंच म्हणावं लागेल. वरच्या तारेच्या कुंपणाखालून तीन ठिकाणाहून पाणी घुसलं होतं. मधली घळ तर मी उतरून पाहिली, गुडघ्याच्या वर होती. बांध फुटलेला, काळी माती खाली वाहून गेलेली, वर मुरूम आणि खडी येऊन पडलेली. विहिरीत एवढा गाळ की मोटारीचा पाईप दिसत नव्हता.

नाना बांधावर बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेपरमा तूच लिखेल व्हतं ना, दिनमा लाईट भेटी म्हनीसन?"

होय. मीच लिहिलं होतं.

साधारण तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. तालुका प्रतिनिधी म्हणजे काय हे या लाईनीतल्या लोकांना माहीत आहे. पगार नावापुरता, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. गावात जमिनी बघायला एक माणूस फिरत होता. आपल्याच तालुक्यातला, पूर्वी प्लॉटिंगचा धंदा करायचा, आता "सोलर कंपनीचा लॅण्डचा माणूस" झाला होता. त्यानं मला एक प्रेसनोट दिली. छान मराठीत होती. १० मेगावॅटचा सौर प्रकल्प, शेतकऱ्यांना एकरी ४० हजार भाडं, स्थानिकांना रोजगार, परिसराला स्वच्छ ऊर्जा. सोबत १५ ऑगस्टच्या पुरवणीसाठी पाव पान जाहिरात.

मी बातमी केली. फोटोसकट, नावानिशी. आणि 'परिसराला स्वच्छ ऊर्जा' या शब्दांचा अर्थ माझ्या डोक्यानं लावला, की गावाला दिवसा वीज मिळणार. मथळाच तसा दिला. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्याच सुमारास सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाजावाजा सुरू होता, शेतकऱ्याला दिवसा वीज देणार वगैरे. मला वाटलं हा त्यातलाच प्रकल्प.

एजंटानं ते कात्रण मोबाईलवर फोटो काढून अख्ख्या गावात फिरवलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही लावलं होतं म्हणे. नाना आणि त्यांच्या शेजारचे भाऊबंद मिळून ४५ एकर गेलं, त्यातल्या निम्म्या लोकांनी तरी ते कात्रण वाचूनच मन बनवलं. नानांचा हिशोब सरळ होता. वरचं चार एकर तसंही हलकं, तिथं बाजरीशिवाय काही पिकत नाही. त्याचं भाडं येईल, आणि खालच्या तीन एकराला विहीर आहे, दिवसा वीज मिळाली तर कापसाबरोबर कांदाही करता येईल. रात्रीच्या पाळीची लाईट म्हणजे सत्तरीच्या माणसानं बॅटरी आणि काठी घेऊन अंधारात मोटार चालू करायला जायचं. साप, विंचू, आता तर बिबट्याही. ज्यांनी रात्रीचं पाणी भरलंय त्यांनाच दिवसाच्या लाईटीची किंमत कळते. शहरातल्या मित्रांना हे समजावून सांगणं अवघड आहे.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तीन वर्षांपूर्वी ती मला समजली नव्हती.

शेतात उभे राहणारे सोलर प्रकल्प लांबून सगळे सारखेच दिसतात. तेच निळे पॅनल, तेच तारेचं कुंपण, तीच गेटवरची खोली. पण त्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत. एक म्हणजे सौर कृषी वाहिनी. ही योजना २०१७ ला आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, २.० आला. यात गावच्या सबस्टेशनजवळ प्रकल्प उभा राहतो, महावितरण त्याची वीज विकत घेते आणि शेतीच्या फीडरला ती दिवसा मिळते. सरकारनं खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी सव्वा लाख रुपये ठरवलंय, म्हणजे एकरी ५० हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं अनुदान. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, ३ मेगावॅटचा. अशा गावांत शेतकरी खरोखर दिवसा पाणी भरतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट आपल्याकडे ते लवकर व्हावं असंच वाटतं.

दुसरा प्रकार ओपन ॲक्सेसचा. यात खासगी कंपनी प्रकल्प उभा करते आणि वीज एखाद्या कारखान्याला, मॉलला, डेटा सेंटरला विकते. २००३ च्या वीज कायद्यानं त्याला मुभा आहे, २०२२ च्या नियमांनी ते आणखी सोपं झालं. वीज जाते आपल्याच जवळच्या सबस्टेशनला, तारा आपल्याच शेतावरून. पण कागदावर ती वीज शेकडो किलोमीटर लांबच्या कारखान्याची. कारखान्याचं बिल कमी होतं. गावच्या फीडरचं वेळापत्रक जसं होतं तसंच राहतं, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री.

आमच्या गावचा प्रकल्प हा दुसरा प्रकार. नानांच्या चार एकरात सूर्य दिवसभर वीज तयार करतो आणि नाना तीनशे फूट खाली रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातात. हे काही बेकायदेशीर नाही. कंपनीनं कधी लेखी म्हटलंही नव्हतं की तुम्हाला वीज देऊ. ते लिहिलं मी.

मी धुळ्याला पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसं याची उत्तरं पाहिजेत. पहिला शब्द 'कोण'. माझ्या त्या बातमीत सगळं होतं. कंपनी कुणाची, वीज विकत कोण घेणार, करारावर सही कोण करणार, यातलं एकही अक्षर नव्हतं.

असो. त्या दिवशी बांधावर मी नानांना म्हणालो, आपण कंपनीशी बोलू. हे म्हणायला सोपं होतं. पुढचे पंधरा दिवस मी कंपनी शोधतोय.

आधी गेटवर गेलो. गेटवर वॉचमन आमच्याच गावचा पोरगा. स्थानिकांना रोजगार म्हणजे एकूण पाच जण, तीन वॉचमन आणि दोन गवत काढायला, पॅनल धुवायला. पोरगा मला काका म्हणतो, पण आत सोडेना. त्याची तरी काय चूक, त्याला पगार सिक्युरिटी एजन्सीकडून मिळतो, ती नाशिकची. त्यानं आतल्या इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअर बाहेर आला, बिहारकडचा, पंचविशीतला, भला माणूस वाटला. म्हणाला, "सर, मैं तो ओ अँड एम का हूँ. हमारा काम सिर्फ प्लांट चलाना है." म्हणजे देखभाल करणारी कंपनी वेगळी. प्रकल्प ज्यांनी उभारला ते ठेकेदार वेगळे, ते काम संपवून दोन वर्षांपूर्वीच निघून गेले. जमीन ज्यानं गोळा केली तो एजंट वेगळा. आणि मालक वेगळा.

मी त्याला पाण्याचं विचारलं. तो माझ्याबरोबर कुंपणाच्या कडेनं चालत आला, घळ पाहिली, आणि जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं बहुतेक. म्हणाला, ड्रॉइंगमध्ये इथं ड्रेन आहे. जागेवर नाही.

पूर्वी या ४५ एकरात काय होतं ते मला चांगलं आठवतं. लहानपणी आम्ही तिथं गुरं घेऊन जायचो. प्रत्येकाच्या वावराला बांध होते, आडवे, उताराला काटकोनात. आमच्या आज्यानं घातलेले बांध होते त्यात. पाऊस पडला की प्रत्येक बांधाशी पाणी थबकायचं, मुरायचं, उरलेलं मधल्या नाल्यानं खाली जायचं. नाला म्हणजे फार मोठा नाही, पावसाळ्यात चार महिने वाहणारी चारी म्हणा. सोलरच्या कामाला जेसीबी लागले, आठ-दहा दिवसांत सगळे बांध गेले. पॅनलच्या रांगा सरळ पाहिजेत ना. नाला मुरमानं भरला, त्यावरून गाड्या जायला रस्ता केला. जमीन गाड्यांनी दाबली गेली. पॅनलवर पडलेलं पाणी एकाच कडेनं खाली टपकतं, त्या रेषेत माती धुपते. खाली पीक नाही, मुळं नाहीत, धरून ठेवायला काही नाही. पाऊस तेवढाच पडला, पण पूर्वी जे पाणी सावकाश यायचं ते आता एकदम येतं, आणि त्याला जायला नाला नाही. मग ते नानांच्या कापसातून जातं.

यात सोलर वाईट असं काही नाही. खालच्या कडेनं एक पक्की चारी आणि दोन ठिकाणी पाईप टाकले असते तर हे झालं नसतं. प्रकल्पाच्या खर्चात तो आकडा दिसणारही नाही.

मालकाचं नाव गेटवरच्या फलकावर होतं. इंग्रजीत, प्रायव्हेट लिमिटेड. गंमत म्हणजे नानांच्या करारावर कंपनीचं नाव दुसरंच होतं. नानांच्या बँक पासबुकात पहिली दोन वर्षं भाडं एका नावानं आलं, या वर्षी वेगळ्या नावानं. भाडं वेळेवर येतं, हे मी आवर्जून सांगतो, एक महिनाही चुकलेलं नाही. नानांच्या नातीचं नर्सिंगचं शिक्षण त्यावरच चाललंय. त्यामुळे घरात सुद्धा दोन मतं आहेत. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, जास्त ताणू नको, भाडं बंद झालं तर काय करायचं?"

कंपन्यांची माहिती सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाईटवर फुकट बघता येते, हे तुम्हालाही उपयोगी पडेल. नाव टाकलं की नोंदणी क्रमांक, नोंदणीकृत पत्ता, संचालक दिसतात. मी दोन्ही नावं टाकली. नोंदणी क्रमांक एकच निघाला. म्हणजे कंपनी तीच, नाव बदललं. संचालक मात्र सगळे नवे. एका वकील मित्राला विचारलं तेव्हा त्यानं समजावलं. प्रत्येक प्रकल्पासाठी अशी एक छोटी कंपनी काढतात. तिच्या नावावर एवढाच एक प्रकल्प, तेवढीच भाड्याची जमीन, तेवढंच बँकेचं कर्ज. ज्यानं ती काढली तो डेव्हलपर. प्रकल्प सुरू झाला, वीज विकली जाऊ लागली की तो ती कंपनीच, म्हणजे तिचे शेअर, मोठ्या गुंतवणूकदाराला विकतो आणि पुढच्या गावात नवी कंपनी काढतो. जमीन विकली जात नाही, करार बदलत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला कळवायची गरज नाही, विचारायची तर नाहीच. तुमचा भाडेकरू तोच राहतो, फक्त त्याच्या आतला माणूस बदलतो.

मला हे ऐकून खरंच राग आला नाही. धंद्याची रीत आहे. पण मग जो माणूस नानांच्या ओट्यावर बसून चहा प्यायला होता, "बाबा, काही लागलं तर मला फोन करा" म्हणाला होता, त्याचा फोन आता लागत नाही यात नवल काय? एजंटाचा लागतो. तो म्हणतो माझं काम सही होईपर्यंत होतं.

नानांकडे कराराची प्रत नव्हती. सही केल्यावर फोटोकॉपी देतो म्हणाले, दिली नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढली. तीसच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर नानांची मराठी सही आणि अंगठा. नाना म्हणाले, "माले इंग्रजी येस का? त्या बोलनात सही करा, मी करी."

मी आणि वकील मित्र एका संध्याकाळी बसून ते वाचलं. मुदत २९ वर्षं. २९ च का? कारण मुद्रांक शुल्कात २९ वर्षांच्या वर गेलं की दर बराच चढतो. कंपनी पाहिजे तेव्हा जमीन सोडू शकते, नोटीस देऊन. नाना सोडवून घेऊ शकत नाहीत. कंपनी हा भाडेपट्टा बँकेकडे गहाण ठेवू शकते, दुसऱ्याला देऊ शकते, संमती न घेता. सातबाऱ्यावर इतर हक्कात कंपनीचं नाव चढलेलं आहे. मुदत संपल्यावर कंपनी आपलं सामान 'वाजवी मुदतीत' काढेल. जमिनीत ठोकलेले खांब आणि सिमेंट निघेल का, बांध पुन्हा कोण घालणार, यावर काही नाही. तेव्हा नाना शंभरीत असतील. वाद झाला तर लवाद नेमायचा, आणि लवादाची जागा दिल्ली. शिंदखेड्याच्या माणसानं विहिरीतल्या गाळासाठी दिल्लीला जायचं.

पाण्याबद्दल एक कलम होतं. जागेच्या विकासासाठी आवश्यक ते सपाटीकरण करायला मालकाची संमती आहे, असं.

हे वाचताना मला सारखं विखरण आठवत होतं. आपल्याच तालुक्यातलं. धर्मा पाटील नावाचे ऐंशी ओलांडलेले शेतकरी, त्यांची पाच एकर जमीन सरकारनं वीज प्रकल्पासाठी घेतली. आधी कोळशावरचा प्रकल्प होणार होता, मग तिथंच सौर ठरला. मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास, आणि त्या अन्यायासाठी ते किती वेळा मुंबईला गेले असतील. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, २८ तारखेला गेले. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे कॅमेरे विखरणला आले होते. मीही होतो त्यात. दोन-चार दिवस होतो, मग परत आलो. नानांच्या प्रकरणाची त्याच्याशी बरोबरी करायची नाही, कुणी करूही नये. पण एक फरक डोक्यातून जात नाही. धर्माबाबांना निदान माहीत होतं कुठल्या दारात जायचं. ते दार त्यांच्यासाठी उघडलं नाही, ही आपली लाज. नानांच्या प्रकरणात दारच दिसत नाही. दिल्लीच्या पत्त्यावर आम्ही रजिस्टर पत्र पाठवलं. पोचपावती आली, त्यावर कुठल्या तरी इमारतीच्या रिसेप्शनचा शिक्का. उत्तर नाही.

वकील मित्रानं एक रस्ता सांगितला आणि तो मी मुद्दाम इथं लिहितोय, कारण अनेकांना माहीत नसतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. इंग्रजांच्या काळचा कायदा, पण अजून चालतो. शेतजमिनीवरून नैसर्गिक वाहणारं पाणी कुणी अडथळा घालून अडवलं आणि त्यानं शेजारच्या जमिनीचं किंवा पिकाचं नुकसान झालं, किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला, तर तहसीलदाराकडे दावा करता येतो. तहसीलदार जागेची पाहणी करून अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो. दिल्लीला जायची गरज नाही. अट एकच, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आता आमचा नाला बुजवून अडीच वर्षं झाली. पण या पावसाळ्यात त्यांनी वरच्या रस्त्यावर पुन्हा भराव टाकलाय, त्याचे फोटो गावातल्या पोरांच्या मोबाईलवर तारखेसह सापडले. त्यावर दावा उभा आहे. टिकेल की नाही ते बघू.

मागच्या सोमवारी नाना, मी आणि वकील तहसील कचेरीत गेलो. अर्ज लिहिलेला होता. अर्जदार म्हणून नाना. सामनेवाला म्हणून कंपनी, नवं नाव आणि जुनं नाव दोन्ही. क्लार्कनं अर्ज वाचला, सोबतचा सातबारा उघडला, गट नंबर बघितला आणि चष्म्यावरून नानांकडे बघत म्हणाला, "बाबा, ज्या गटातून पाणी येतंय म्हणता त्याच्या सातबाऱ्यावर तर तुमचंच नाव आहे. तुम्ही तुमच्याच विरुद्ध अर्ज करताय का?"

आजूबाजूचे दोन-तीन जण हसले. क्लार्क चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. कागदावर तो बरोबरच होता. वरच्या ४५ एकराचे मालक नाना आणि त्यांचे भाऊबंद. कंपनी नुसती भाडेकरू. वकिलानं त्याला ताब्याचा मुद्दा समजावला, इतर हक्कातली नोंद दाखवली, तेव्हा अर्ज घेतला. पण आता सामनेवाल्यात वरचे भाऊबंदही घालावे लागले, औपचारिक म्हणून. म्हणजे नोटीस त्यांनाही जाणार. त्यातल्या एकानं परवा नानांशी बोलणं बंद केलं. त्याला वाटतं नाना त्याच्या भाड्यावर उठलेत.

नाना घरी येईपर्यंत गाडीत गप्प होते. आणि मीही.

ज्यांच्या गावात आता एजंट आलेत त्यांच्यासाठी थोडं. जमीन देऊच नका असं मी म्हणत नाही. हलकी जमीन असेल, घरात माणूसबळ नसेल, तर भाडं हे कोरडवाहू पिकापेक्षा खात्रीचं आहे. पण पहिलं विचारा, वीज कोण विकत घेणार. महावितरण आणि शेतीचा फीडर असेल तर तसं लेखी मागा, सौर कृषी वाहिनी असेल तर सरकारी भाड्याचा दरही मागा. कराराची मराठी प्रत सहीच्या आधी घ्या, घरी न्या, कुणाला तरी वाचायला द्या. जो सही घ्यायला आलाय त्याला कंपनीनं दिलेलं अधिकारपत्र बघा. नाला, चारी, बांध, वहिवाटीचा रस्ता हे जागेवर जाऊन नकाशावर खुणा करून घ्या आणि तो नकाशा कराराला जोडा. नाल्याला हात लावणार नाही किंवा पक्की चारी करून देऊ, असं एक वाक्य त्यात असू द्या. कंपनीची मालकी किंवा नाव बदललं तर तीस दिवसांत कळवायचं, हेही. वादाचं ठिकाण धुळे. शेवटी सिमेंट कोण काढणार ते. भाऊबंदांनी एकेकट्यानं सह्या करण्यापेक्षा एकत्र बसून या अटी मागा, ४५ एकर सलग मिळणार असेल तर कंपनी ऐकते. एकट्या चार एकरवाल्याचं ऐकत नाही.

आणि आपल्या पत्रकार मित्रांना. प्रेसनोट आली की एकदा फोन करून विचारा, वीज कुणाला? एवढा एक प्रश्न.

मी त्या दैनिकात आता नाही. तरी डेस्कवरच्या जुन्या मित्राला फोन करून म्हणालो, त्या बातमीची दुरुस्ती छापता येईल का. तो म्हणाला, अरे तीन वर्षं झाली, कुणाच्या लक्षात आहे? माझ्या चुलत्यांच्या लक्षात आहे, असं मी त्याला सांगितलं नाही. म्हणून दुरुस्ती इथं देतो. आमच्या गावच्या सौर प्रकल्पातून गावाला दिवसा वीज मिळणार, ही माझ्या नावानं आलेली बातमी चुकीची होती. तसं कुणीही आश्वासन दिलं नव्हतं. मी खात्री न करता लिहिलं.

पुढच्या बुधवारी तहसीलदार जागेवर पाहणीला येणार आहेत, अकरा वाजता. नाला बुजवायच्या आधीचे फोटो, व्हिडिओ कुणाकडे असतील, लग्नाच्या वरातीचे, गुरांचे, कसलेही, ज्यात तो नाला मागे दिसतो, तर मला पाठवा. गावातल्या पोरांनी जुने मोबाईल चाळा. आणि ज्यांचं वावर त्या खालच्या अंगाला आहे त्यांनी त्या दिवशी या. बोलायची गरज नाही, नुसतं बांधावर उभं राहा.